खाडीजवळच्या पुलावर ऑक्सिजनचा आकडा दर आठवड्याला उड्या मारतो: आधी काय तपासायचं?

तक्रार नेहमीची आहे. तोच पूल, तेच मीटर, वेळही तीच, रविवारी सकाळी आठ. एका रविवारी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ शून्य. पुढच्या रविवारी साडेतीन-चार मिलिग्रॅम प्रति लिटर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तळाला. मीटर दुरुस्त करून आणलं, त्याच्या टोकावरचा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, बदललं, मोजणारा माणूसही बदलला, तरी आकडा काही जागेवर राहत नाही.

आम्ही काही शेजारी मुंबईतल्या दहिसर नदीवर मोजतो. चार ठिकाणं ठरलेली: पहिलं नॅशनल पार्कच्या हद्दीजवळ, मग श्रीकृष्णनगर, मग दौलतनगर आणि शेवटचा खाडीकडचा पूल. वरच्या तिन्ही ठिकाणचे आकडे चांगले असोत की वाईट, आठवड्यागणिक फार हलत नाहीत. चौथा मात्र पहिलं वर्षभर करवतीच्या दातांसारखा वरखाली होत राहिला. त्याच आकड्यांच्या जोरावर एका सोसायटीच्या सभेत आम्ही 'खालच्या अंगाला नदी सुधारतेय' असं सांगून आलो. पुढे ते शब्द मागे घ्यावे लागले. लोकांनी विश्वासाने ऐकलं होतं, त्यामुळे त्याची रुखरुख अजून आहे, आणि म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहितोय. मिठी नदीवर माहीमच्या बाजूला, पोयसर किंवा ओशिवरा नदीच्या खाडीकडच्या टोकाला, ठाणे खाडीच्या काठाला, जिथे जिथे समुद्राचं पाणी आत चढतं तिथे तिथे हीच गडबड होते.

आधी भरती बघा, मीटर नंतर

आम्ही सहा महिने मीटरच्या मागे लागलो होतो. दोष घड्याळात होता.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती ३५० मिनिटं, म्हणजे ५ तास ५० मिनिटं सरकते. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्यात अंतर असतं सुमारे सव्वासहा तासांचं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. दर रविवारी त्याच वेळेला पुलावर उभे राहिलात, तर एका रविवारी ओहोटीचं पाणी मोजता आणि पुढच्या रविवारी जवळपास भरतीचं. ओहोटीला पुलाखाली असतं ते नदीतून आणि नाल्यांतून उतरणारं पाणी, पावसाळा सोडला तर बहुतांश सांडपाणीच. भरतीला त्याच जागी खाडीचं खारट पाणी चढून आलेलं असतं आणि त्यात ऑक्सिजन बहुधा जास्त. नदी तीच, पाणी मात्र दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेलं. करवतीचा दात तयार होतो तो इथे.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. ५ तास ५० मिनिटं आणि सव्वासहा तास यांच्यात जो वीस-पंचवीस मिनिटांचा फरक आहे, तो दर आठवड्याला साठत जातो. सात-आठ आठवड्यांनी दोन्ही रविवार भरती-ओहोटीच्या अधल्यामधल्या पाण्यावर येतात. तेव्हा दात बोथट होतात, आलेख सपाट दिसतो आणि आपल्याला वाटतं, चला, नदी स्थिरावली. आणखी तेवढेच आठवडे गेले की दात परत उगवतात, पण उलटे. 'सम' रविवारी वर जाणारा आकडा आता 'विषम' रविवारी वर जातो. आमच्या वहीत हे सगळं होतं, आम्हाला ते वाचता येत नव्हतं.

ते वाचायला शिकवलं एका कोळी आजोबांनी. खाडीच्या कडेला ते जाळं सांधत बसायचे, आम्ही दर रविवारी त्यांच्या समोरूनच जायचो. एकदा त्यांनीच विचारलं, काय मोजताव? सांगितलं. त्यांनी सुई जाळ्यात अडकवून ठेवली आणि म्हणाले, "तुमी घड्यालावर येता. पानी तिथीवर येतं." मग त्यांनी तो जुना हिशोब सांगितला, जो किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत अजून तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. सकाळची तीच वेळ, संध्याकाळचीही साधारण तीच. भरतीपासून सव्वासहा तास पुढे गेलात की ओहोटी.

आता सकाळी आठची वेळ या हिशोबात घालून बघा. अष्टमीच्या आसपास सहाला भरती, म्हणजे आठ वाजता पाणी उतरायला लागलेलं, पण पात्र अजून भरलेलं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती अकरा-बाराला, म्हणजे आठ वाजता ओहोटी होऊन जेमतेम दोन-तीन तास झालेले. त्यातही छापील तक्ता असतो तो अपोलो बंदरचा. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्याहून उशिरा चढतं. किती उशिरा, हे ज्याच्या त्याच्या पुलावर बघावं लागतं. आम्ही पुलाच्या खांबावरच्या शेवाळाच्या रेघेवरून एक पूर्ण दिवस दर अर्ध्या तासाने पाणी कुठवर आलं ते टिपलं. एकाच दिवसाचं काम आहे, पण ते न करता पुढे जाऊ नका. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) आणि उधाणाला (पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला) ही वेळ थोडी वेगळी पडते, म्हणून जमलं तर दोन्ही वेळा करा.

उपाय काय? घड्याळाची वेळ सोडा आणि पाण्याची वेळ धरा. आम्ही 'आमच्या पुलावरची ओहोटी संपण्याआधीचा एक तास' ही वेळ धरली. कधी तो सकाळी साडेसहाला येतो, कधी दुपारी दोनला. रविवारी नाहीच जमला तर शनिवारी जातो. नोकरदार माणसांना हे जड जातं, मान्य आहे. मग निदान एवढं करा: भरतीचे आकडे एका रंगात आणि ओहोटीचे दुसऱ्या रंगात लिहा, आणि त्यांच्यामधून एकच रेघ कधीही ओढू नका. 'एक आड एक रविवार' हा उपाय काही जण सुचवतात. दोन-तीन फेऱ्यांपुरता तो चालतो, पण पंधरवड्याला पाऊण तासाचा फरक तिथेही पडतोच, दोन महिन्यांत तो तीन तासांवर जातो.

दुसरी गोष्ट, जी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो: ऑक्सिजनच्या प्रत्येक आकड्याशेजारी कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचा, आकडा हवाच; क्षार जास्त तितका तो जास्त. समुद्राचं पाणी सुमारे ५०,००० मायक्रोसिमेन्स दाखवतं. डोंगरातून आलेलं गोडं पाणी काहीशे. सांडपाणी साधारण हजाराच्या आगेमागे. म्हणजे हा एक आकडा सांगतो की आज तुमच्या बाटलीत खाडी किती आणि नदी किती. ऑक्सिजन ३.८ आणि कंडक्टिव्हिटी ३०,००० असेल, तर तुम्ही नदी मोजलेलीच नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणीही गोडं होतं, तेव्हा ही खूण तितकी स्पष्ट राहत नाही. पाऊस, भरतीची वेळ आणि कंडक्टिव्हिटी तिन्ही एकत्र बघा.

साधं टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजणारं) पेन असेल तर त्याची धाव लवकर संपते, मग पडद्यावर नुसता १ किंवा एररची खूण येते. पेन बिघडलं म्हणून टाकून देऊ नका. एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून मोजा आणि आलेला आकडा दहाने गुणा. डिस्टिल्ड पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. पिण्याचं बाटलीबंद पाणी चालत नाही, त्यात स्वतःचे क्षार असतात. डिस्टिल्ड पाणीही आधी पेनने तपासून घ्या, कधी कधी बॅटरीच्या पाण्याच्या नावाखाली साधं पाणीही विकलं जातं.

मीठ मीटरलाही फसवतं

भरतीचा गोंधळ सुटला की त्याच्या पोटात लपलेला दुसरा दिसायला लागतो. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ७.६ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास. मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचं टोक, पाण्यातला ऑक्सिजन थेट मिलिग्रॅममध्ये मोजत नाही. त्याला कळतो तो ऑक्सिजनचा दाब. मिलिग्रॅमचा आकडा मीटर आतल्या आत हिशोब करून दाखवतं, आणि त्या हिशोबात क्षारता किती, हे तुम्ही सांगावं लागतं. नाही सांगितलंत तर ते पाणी गोडं समजतं. भर भरतीला त्यामुळे आकडा वीस टक्क्यांच्या आसपास जास्त दिसू शकतो. म्हणजे भरतीचं पाणी आधीच बरं, आणि मीटर त्याला आणखी बरं दाखवतं. दात अजून उंच.

मीटरच्या मेनूमध्ये 'सॅलिनिटी' असं काही असेल तर आधी कंडक्टिव्हिटी मोजून ते भरा. तशी सोय नसेल तर टक्केवारीचा आकडा लिहा (मावू शकेल त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे तो), त्याला मीठ फारसं फसवत नाही.

बादलीचा दोष

पुलावरून दोरीला बांधून बादली सोडायची, पाणी ओढायचं आणि त्यात प्रोब बुडवायचा. बहुतेक गट हेच करतात, आम्हीही केलं. पाण्यात ऑक्सिजन मुबलक असेल तर फार बिघडत नाही. पण ज्या पाण्यात तो जवळजवळ नाहीच, तिथे बादली आपटते, खळबळते, वर येईतो हिंदकळते आणि तेवढ्यात हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. मेलेलं पाणी अर्धमेलं दिसायला लागतं.

हे आमच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं ते गटातल्या एका रसायनशास्त्राच्या बाईंमुळे. विंकलर पद्धतीने, म्हणजे मीटरऐवजी रसायनांनी ऑक्सिजन मोजून, बघू म्हणाल्या. त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून ३०० मिलीच्या दोन काचेच्या बाटल्या आणल्या, तिरप्या बुचाच्या. एक बादलीतून ओतून भरली. दुसरी भरण्यासाठी एक अवजड तळाची बाटली पाण्याखाली सोडली, रबरी नळी थेट तळापर्यंत नेली आणि पाणी वरून भरभरून वाहू दिलं, म्हणजे पहिलं, हवेला लागलेलं पाणी निघून गेलं. मग दोन्हींत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइडचं द्रावण पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडलं, हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावलं आणि बाटल्या उलट्यासुलट्या केल्या. बादलीवाल्या बाटलीत फिकट तपकिरी साका खाली बसायला लागला, चहाच्या गाळासारखा. दुसऱ्या बाटलीत साका पांढराशुभ्र. त्या पांढऱ्या साक्याचा अर्थ, ऑक्सिजन नाही. पुलाच्या कठड्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी, दोन्हीतलं पाणी त्याच मिनिटाला त्याच जागेवरून घेतलेलं. कोणी काही बोललं नाही. बादली त्या दिवसापासून बंद झाली.

ही पद्धत घरी करू नका. पुढच्या पायरीला संहत सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि अझाइड विषारी आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसाच्या हातूनच करून घ्या, आणि वापरलेली द्रावणं नदीत किंवा मोरीत ओतू नका. पण तीन-चार महिन्यांतून एकदा अशी तुलना करून घेतलीत तर मीटरवर किती विश्वास ठेवायचा हे नक्की कळतं. जागेवर दोन द्रावणं आणि आम्ल घालून नमुना पक्का केला की टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून करायची शेवटची मोजणी, काही तासांनी प्रयोगशाळेत जाऊन केलं तरी चालतं, बाटली फक्त अंधारात ठेवायची.

मीटर असेल तर प्रोब लांब केबलचा घ्या आणि थेट पाण्यात सोडा, बादली मध्ये नकोच.

आता मीटर

एवढं करूनही आकडा पटत नसेल तर मीटरकडे वळा. मेम्ब्रेनचा प्रोब असेल तर आधी टोक उजेडात धरून नीट बघा. आतल्या द्रावणात मोहरीएवढा जरी बुडबुडा असला तरी आकडा एका जागी थांबत नाही. टोपी काढून द्रावण काठोकाठ भरा, टोपी हळूहळू फिरवत लावा, जादा द्रावण बाहेर येऊ द्या, आणि परत उजेडात बघा. मेम्ब्रेनला सुरकुती किंवा ओरखडा असेल तर बदलायचंच. ते बोटाने पुसायचं नाही, मऊ ओल्या कापडाने टिपायचं.

दुसरं, असा प्रोब स्वतःच ऑक्सिजन खातो. साचलेल्या पाण्यात नुसता लटकवून ठेवला तर टोकाजवळचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा घसरत जातो. खीर ढवळावी तसा तो पाण्यात सतत हलवत राहायचा, बुडबुडे न काढता. आकडा एका जागी यायला दोन मिनिटं लागली तरी थांबा. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणाऱ्या, प्रोबला ढवळण्याची गरज नसते, किमतीला मात्र तो बराच जड. मेम्ब्रेनचा प्रोब पोलरोग्राफिक प्रकारचा असेल तर तो चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तापू द्यावा लागतो. स्टेशनवरून रिक्षात बसतानाच चालू करा.

तिसरं कारण खास आपल्या खाड्यांचं. ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल सडक्या अंड्यासारखा वास मारतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो वायू मेम्ब्रेनमधून आत शिरतो आणि प्रोबमधल्या चांदीला काळं करतो, घरातली चांदीची समई काळी पडते तसंच. असा प्रोब सुस्त होतो, नवं मेम्ब्रेन घातलं तरी सुधारत नाही. प्रोब चिखलाला टेकू देऊ नका, काम झाल्याबरोबर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आणि मोजायचा क्रम वरून खाली ठेवा: आधी पार्काजवळचं स्वच्छ पाणी, शेवटी खाडी.

मीटर खरं बोलतंय की नाही हे घरच्या घरी दोन टोकांनी तपासता येतं. सोडियम सल्फाइट पाण्यात विरघळवून त्यात प्रोब ठेवा, काही मिनिटांत आकडा शून्याजवळ यायला हवा. प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत ते मिळतं. दुसरं टोक हवेचं: टोपीत ओला स्पंज ठेवून प्रोब त्यात दहा मिनिटं ठेवा, पाण्याचा थेंब मेम्ब्रेनवर नको. १०० टक्के दिसायला हवं. मिलिग्रॅममध्ये म्हणाल तर २५ अंशांना ८.३ च्या आसपास आणि ३० अंशांना ७.६. दोन्ही टोकं जुळली तर मीटरला दोष देणं थांबवा.

उन्हाची वेळ

हे कमी लोकांच्या लक्षात येतं. पाणी हिरवट असेल, शेवाळ असेल, तर दुपारी ते ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं आणि आकडा १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं आणि पहाटे पाणी तळाला जातं. ओहोटीची वेळ धरल्यामुळे आमची फेरी कधी सकाळी, कधी दुपारी पडायची, म्हणजे एक गोंधळ मिटवताना आपण दुसरा ओढवून घेतो. यावर पूर्ण उतारा नाही. आम्ही मोजण्याची वेळ सकाळी साडेसहा ते अकरा एवढीच ठेवली, ज्या दिवशी ओहोटी त्यात बसते तेवढेच दिवस धरले, आणि पाण्याचा रंग व आभाळ या दोन गोष्टी वहीत लिहायला सुरुवात केली. फेऱ्या कमी झाल्या. पण हाती राहिलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात.

पीएचचं थोडक्यात: काचेचं टोक कोरडं पडू देऊ नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात नाही. ७ आणि ४ किंवा ९.१८ च्या बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) मीटर प्रत्येक फेरीआधी जुळवून घ्या, आणि वापरलेलं बफर परत बाटलीत ओतू नका. आकडा हळूहळू सरकत राहिला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

प्रयोगशाळेत दिलेल्या नमुन्याचा आकडा आपल्याशी जुळत नसेल, तर प्रवासाचा हिशोब करा. विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीत, शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचायला हवा. लोकलच्या डब्यात दुपारभर पिशवीत फिरलेल्या बाटलीचा अहवाल वाचून उपयोग नाही. बीओडीचंही तसंच; बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतू जेवढा ऑक्सिजन वापरतात तो. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवसांची मोजतात, परदेशी पुस्तकांत २० अंशांवर पाच दिवसांची असते, त्यामुळे आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणती पद्धत ते विचारा. तुलनेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आंघोळीच्या पाण्याचे निकष हाताशी ठेवा: ऑक्सिजन ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी (दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर), पीएच ६.५ ते ८.५, विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलीत ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर कधीच नसावेत. हे नदीच्या गोड्या पाण्याचे. खाडी-समुद्राच्या पाण्याचे निकष वेगळे आहेत, तिथे आंघोळीसाठी ऑक्सिजन ४ धरतात. एकाच पुलावर भरतीला एक आणि ओहोटीला दुसरी मोजपट्टी लावू नका.

आणि काळजी घ्या. रबरी हातमोजे, गमबूट, पायावर जखम असेल तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र असतील त्या दिवशी पुलाखाली जायचंच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीचं पाणी किती वेगाने चढलं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आकडा विचित्र आहे, पण खरा असेल तर?

इतका वेळ मी आकड्यावर संशय घ्यायला सांगितलं. आता उलटं सांगतो, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

भरतीचं कोडं सुटल्यावर आम्हाला एक सवय लागली. आकडा वेगळा आला की कोणीतरी म्हणायचं, मीटर तपासा, आणि आम्ही तो खोडायचो. एका सकाळी दौलतनगरच्या जागी, जिथे भरतीचं पाणी पोहोचतच नाही, तिथे कंडक्टिव्हिटी नेहमीच्या दुपटीहून जास्त आली आणि पीएच खूप खाली. पाणी किंचित दुधाळ होतं, एवढंच. आम्ही प्रोब धुतला, परत मोजलं, तेच आलं. बफर खराब असेल म्हणून वहीत प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे गेलो. दोन दिवसांनी तिथल्या मावशींनी सांगितलं, खालच्या वळणावर मासे उलटे होऊन तरंगत होते. बोटाएवढे, पोट वर केलेले. आम्ही पोहोचलो तोवर कावळ्यांनी बरेचसे नेले होते. वरून कोणी काय सोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आमच्याकडे त्या सकाळचं पाणी शिल्लक नव्हतं. एक बाटली भरून ठेवली असती तर काहीतरी हाती असतं. तक्रार करायला गेलो तेव्हा आमच्याकडे फक्त खोडलेला आकडा होता.

म्हणून आता नियम असा आहे. विचित्र आकडा आला की जागा सोडायची नाही. त्याच मिनिटाला तीन गोष्टी बघायच्या: आत्ता भरती आहे का आणि इथवर पोहोचते का, बफर आणि हवेचं टोक जुळतं का, आणि पन्नास पावलं वर जाऊन मोजलं तर काय येतं. भरती नाही, मीटर जुळतंय आणि वरच्या जागीही तसाच आकडा आहे, तर तो खरा धरायचा. खरा धरला की लगेच स्वच्छ बाटलीत काठोकाठ नमुना, बाहेर तारीख-वेळ-जागा, बर्फात. पाण्याचा आणि काठाचा फोटो, वेळ दिसेल असा. मग वर चालत जायचं आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी मोजायचं, जिथे आकडा एकदम नेहमीसारखा होतो तिथवर. दोष शेवटची विचित्र आकड्याची जागा आणि पहिली नेहमीसारखी जागा यांच्या मध्ये कुठेतरी असतो. तक्रार त्याच दिवशी, त्याच तासाला करायची, उद्यावर टाकायची नाही. आणि वहीतला आकडा खोडायचा नाही. शंका असेल तर शेजारी लिहायची, आकडा तसाच राहू द्यायचा.

एवढं सगळं करूनही तुमचा पूल ऐकत नसेल तर जरूर विचारा, पण नुसतं 'डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) वरखाली होतोय' असं लिहू नका, त्यावरून काहीच सांगता येत नाही. किमान आठ फेऱ्यांचं हे लिहा: तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान, कंडक्टिव्हिटी, ऑक्सिजन मिलिग्रॅममध्ये आणि टक्क्यांतही, पाणी बादलीने घेतलं की थेट, मेम्ब्रेन कधी बदललं, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का. आणि पुलाच्या खांबावर ओहोटीला दिसणाऱ्या शेवाळाच्या रेघेचा एक फोटो. निम्म्या वेळा उत्तर त्या रेघेतच सापडतं.